मामांच्या टेबलावरच्या मॅडम

काकूचा नवरा काका असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण या काकूंचा नवरा मामा होता. काकू गल्लीभराचं शिवणकाम करायच्या, म्हणून लहानथोर सगळ्यांच्या काकू. आणि नवरा एका मोठ्या प्रवासी बोटीवर हेड वेटर, म्हणून हाताखालच्या वेटरांचा मामा. दोघांचं नातं कुणी नीट लावायला बसलं असतं तर त्याने कपाळाला हात लावला असता. लग्नाला तीसएक वर्षं झाली होती. त्यातली एका छपराखाली किती गेली, याचा हिशेब काकूंनी कधी मांडला नाही. मांडला असता तर रडू आलं असतं, आणि पुढ्यात कापड पडलेलं असताना रडायला सवड कुणाला असते?

त्या वर्षी काकू पहिल्यांदा स्वतः बोटीवर चढल्या. हौस म्हणून नाही. बरेच दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आधी पित्त म्हणून झालं, मग शेजारणींनी सांगितलेले सगळे काढे झाले, शेवटी मुलाने हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला आणि मग मायलेकांना समोर बसवून सरळ सांगितलं, की अन्ननलिकेत गाठ आहे, चांगली नाही, आणि यायला उशीर झालाय.

"करायचं ते सगळं करू आपण," डॉक्टर म्हणाले. "पण यजमान बाहेर असतात म्हणालात ना? त्यांना बोलावून घ्या. पुढेमागे नाही, आत्ता."

जिना उतरता उतरताच मुलाने फोन काढला. काकूंनी त्याचा हात धरला.

"बोटीवर नाही कळवायचं."

"आई, हे पण नाही?"

त्या घरात तो कायदाच होता. फार पूर्वी, मामा साधे वेटर असताना, त्यांच्या वडिलांना झटका आल्याचं घरून कळवलं होतं. बोट भर समुद्रात. उडी मारून थोडंच येता येतं? मामा पडल्या तोंडाने वाढत राहिले. एका पाहुण्याने तक्रार केली की या वेटरचं तोंड बघून आमचं जेवण जात नाही. साहेबाने झाडलं, त्या सफरीच्या टिपा गेल्या, पुढची नोकरी जाता जाता राहिली. वडील त्या खेपेला बरे झाले, ते वेगळंच. घरी आल्यावर मामांनी सगळ्यांना बजावलं, "मी उतरेपर्यंत मला वाईट काही सांगत जाऊ नका. तिथून मी काय दिवे लावणार? नुसतं तोंड पडतं. आणि आपलं घर माझ्या तोंडावर चालतंय."

तेव्हापासून काकूंचं फोनवरचं एक वाक्य ठरून गेलं होतं: "इकडे सगळं ठीक आहे, तुम्ही जपा." छप्पर गळत असताना त्या हे म्हणाल्या, मुलगा परीक्षेत आपटला तेव्हा म्हणाल्या, आणि पुढे सासरे खरोखरच गेले त्या दिवशीही, बाहेर माणसं जमलेली असताना, आतल्या खोलीत दार लावून हेच म्हणाल्या. मामांना ते कळलं घरी आल्यावर. तोवर घरच्यांचं रडून झालेलं होतं. मामा वडिलांच्या फोटोसमोर थोडा वेळ उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "चहा टाक." त्यांच्याबरोबर रडायला कुणी उरलंच नव्हतं.

"फोनवर नको तर समोर बसून सांग," मुलगा म्हणाला. "बाबा कधीचे बोलावतायत ना तुला बोटीवर? जा. सांग, आणि उतरताना बरोबर घेऊन ये."

बोटीवरच्या माणसांच्या घरच्यांना सफरीची सवलत असते. मामा वर्षानुवर्षं मागे लागले होते, "एकदा ये गं, माझी टेबलं बघ." आणि काकूंचं एकच, कामं पडलीत. या वेळी त्या फोनवर "येते" म्हणाल्या तर मामांना इतका आनंद झाला, की एवढी वर्षं न आलेली बायको आत्ताच का येतेय हे विचारायचं ते विसरूनच गेले.

आठवड्याची सफर होती. आठवड्यात एक गोष्ट सांगायची आणि एक माणूस घरी न्यायचा. काकूंना वाटलं, त्यात काय अवघड आहे?

बोटीवर पाऊल ठेवल्या ठेवल्या मामांनी त्यांना बाजूला घेतलं. काळा कोट, गळ्याला बो, केसांना तेल. काकूंना क्षणभर वाटलं की हा कुणाच्या तरी लग्नातला माणूस आहे.

"हे बघ," मामा हळूच म्हणाले, "तुला माझ्याच टेबलावर बसवलंय. पण तू माझी बायको आहेस हे टेबलावर कुणाला सांगायचं नाही हं."

"का? लाज वाटते?"

"अगं, लाज कसली! बायकोला फिरवतोय म्हटलं की लोकांना वाटतं, याला काय कमी आहे. शेवटच्या दिवशी टिपांची पाकिटं द्यायची असतात, तेव्हा हात आखडतात. आमचा अर्धा पगार त्या हातांतच असतो."

"मग मी कोण तुमची?"

"मॅडम," मामा म्हणाले, आणि एवढं छान हसले की काकूंनाही हसू आलं.

टेबलावर आणखी तिघं होती. एक भांड्यांच्या दुकानाचे मालक, त्यांना सगळे शेठ म्हणत. त्यांच्या शेजारी त्यांची बायको, जी नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याला मान हलवायची आणि अर्ध्या वाक्यांना चुकीच्या जागी हलवायची. आणि तिसऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, शाळेतल्यासारख्या इथेही दोन दिवसांत सगळ्यांच्या मोठ्या बाई झालेल्या. बाईंचे यजमान वारले होते आणि पेन्शन कुणासाठी साठवायची म्हणून त्या एकट्याच फिरायला निघाल्या होत्या. या टेबलाची जेवणाची पंगत पहिली. संध्याकाळी बाहेर चांगलं ऊन असतानाच बसायची, आणि ही उठली की तासाभरात दुसरी.

पहिल्या संध्याकाळी काकूंनी आपल्या नवऱ्याला प्रथमच काम करताना बघितलं. वाढायचं काम वेटर करत होते. मामा टेबलामागून टेबल फिरत होते. कुठे वाकून दोन शब्द, कुठे आजोबांची खुर्ची जरा पुढे, कुठे रडणाऱ्या पोराला नॅपकिनचा ससा. कुणाला मीठ चालत नाही, कुणाला दूध, कुणाचा उद्या वाढदिवस, सगळं डोक्यात. शेठच्या बायकोपुढे अख्खा मासा आला आणि ती काट्यांना घाबरून बसली, तर मामांनी तो दोन चमच्यांनी असा सोडवला की मधला काटा फणीसारखा अलगद वर आला. काकूंचा ऊर भरून आला. आणि लगेच दुखलाही. घरी असताना हा माणूस ताटावर बसला की पाणीसुद्धा हातात द्यावं लागायचं. एवढी माया याच्याजवळ होती आणि ती सगळी इथे, परक्यांच्या ताटात पडत होती.

मग मामा त्यांच्यापाशी आले. ताटाकडे बघितलं. भाजलेल्या मांसाचा एक कोपरा तेवढा तुटला होता, बाकी जसंच्या तसं.

"मॅडम, आवडलं नाही का आपल्याला?"

"आवडलं," काकू म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? शेठ समोर बसले होते.

पण मामा एवढ्यावर ऐकणारे नव्हते. हेड वेटरला ताट वाचता यावं लागतं. अर्धं ताट परत गेलं म्हणजे पाहुणा नाराज, आणि नाराज पाहुणा शेवटच्या दिवशी पाकीट टाळायला वरच्या मजल्यावर जेवायला जातो, हे त्यांना पाठ होतं. ताट उचललं गेलं, दुसरं आलं. ते राहिलं तर तिसरं. काकू पावाचा मऊ गाभा पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलत होत्या आणि मामा कोपऱ्यातून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आचाऱ्याला सांगून मासा वाफवून आणला. तिसऱ्या दिवशी रस्सा पातळ करून. चौथ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की मॅडमना सूप तेवढं जातं, तर सूप गाळून, कोमट, घोटाघोटाने पिता येईल असं येऊ लागलं. का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. पाहुण्याला 'का' विचारायचं नसतं. पाहुण्याला 'काय आणू' विचारायचं असतं.

"ताई, तुमच्यावर फार मर्जी आहे याची," शेठ डोळा मिचकावून म्हणाले. "तुमच्याकडून मोठं पाकीट दिसतंय त्याला."

शेठच्या बायकोने मान हलवली. काकू हसल्या. हसण्यासारखंच होतं ते.

बरं, जेवणाच्या दालनाबाहेर तरी सांगावं, तर मामा सापडतील तेव्हा ना! दुसरी पंगत उठवून ते काकूंच्या खोलीत येत आणि बूट काढता काढता पेंगायला लागत. "अहो, एक सांगायचं होतं," काकू म्हणत. "सांग की, ऐकतोय," म्हणेपर्यंत घोरणं सुरू. पाय सुजून भाकरीसारखे झालेले असत. काकू त्यांच्या पायाखाली उशी सरकवत आणि म्हणत, जाऊ दे, उद्या. उजाडायच्या आत नाश्त्याच्या तयारीला मामा पसार.

मधे एक दिवस बोट बंदराला लागली. पाहुणे शहर बघायला उतरले आणि मामांना दुपारी तासभर मोकळीक मिळाली. दोघं वरच्या मजल्यावर बाकावर बसली. वारा छान होता. काकूंनी पदर सावरला, मनाशी वाक्य जुळवलं.

"अहो, ऐका. मी इथे आले ती—"

"थांब, आधी माझं ऐक," मामा म्हणाले. लहान मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा. "हा करार संपला की अजून एकच. मग बास. मग कायमचा घरी. आणि मग तुला रोज टेबलावर बसवणार, आणि मी वाढणार. तू उठायचंसुद्धा नाही. बघितलंस ना आता, मला येतं सगळं?"

काकूंनी जुळवलेलं वाक्य विस्कटलं. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस त्यांना काहीतरी देऊ करत होता, आणि ते घ्यायला त्या असणार नव्हत्या. एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. त्या तोंड उघडणार एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि मामा चटका बसल्यासारखे बाकावरून उठले.

"काही लागलं तर सांगा, मॅडम," ते मोठ्याने म्हणाले. चढून आलेल्या जोडप्याला वाकून नमस्कार करून ते खाली गेले.

काकू एकट्याच समुद्राकडे बघत राहिल्या. राग आला होता. नवऱ्याचा, त्या जोडप्याचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकताना त्या रडल्या नव्हत्या. इथे रडल्या.

मोठ्या बाई गाव बघायला गेल्या नव्हत्या, गुडघे. त्या हळूहळू काठी टेकत आल्या आणि मामा उठून गेलेल्या जागेवर बसल्या. काठी बाकाला टेकवली. मग म्हणाल्या, "गिळताना दुखतं ना?"

काकूंनी दचकून बघितलं.

"आमच्या ह्यांचं असंच सुरू झालं होतं. पाव भिजवून खायचे. मी रोज बघतेय तुम्हाला." बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं."

"मग यजमानांना माहीत आहे?"

"नाही. ते... बाहेर असतात."

"सांगा हो त्यांना. आमच्या ह्यांनी माझ्यापासून लपवलं, मला त्रास नको म्हणून. अजून राग जात नाही माझा. माणूस गेल्याचं दुःख एक वेळ सोसवतं, पण आपल्याला परक्यात धरलं हे नाही सोसवत."

काकूंनी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं. काही झालं तरी सांगायचं.

शेवटचा दिवस उजाडला. सकाळी मामा घाईघाईने खोलीत आले आणि त्यांनी काकूंच्या हातात एक बंद पाकीट ठेवलं.

"हे काय?"

"माझेच आहेत गं पैसे. आज जेवण झालं की मी टेबलावर येईन. तू सगळ्यांच्या आधी हे मला दे, सगळ्यांना दिसेल असं. एकाने काढलं की बाकीचे काढतात. तो शेठ नुसता बडबड्या आहे, खिशात हात घालायचा नाही."

"म्हणजे तुमचेच पैसे मी तुम्हाला बक्षीस द्यायचे?"

"सगळेच करतात," मामा ओशाळून म्हणाले. "कुणाचा भाऊ असतो बोटीवर, कुणाचा मित्र. माझं कुणी कधी आलंच नाही."

काकू पाकीट घेऊन बसून राहिल्या. 'संध्याकाळी सांगते' एवढंच म्हणाल्या. मामांना वाटलं, पाकिटाचं सांगते.

संध्याकाळी दालनात बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. आठवडाभर मामांच्या गळ्यात गळे घालणारी माणसं आज वरच्या मजल्यावर उभ्या उभ्या जेवत होती. शेठ मात्र आले होते, कारण शेवटच्या दिवशी दोन गोड पदार्थ असतात.

"वेटरला द्यावं, मी नाही म्हणत नाही," शेठ कस्टर्ड चापत म्हणाले. "त्याच्या हाताखालच्या पोराला द्यावं, पळतो बिचारा. पण हा हेड वेटर? हा करतो काय? नुसता हसत हिंडतो. हसण्याचे पैसे?"

त्यांच्या बायकोने मान हलवली.

"माझ्या दुकानात असा नुसता हसणारा माणूस ठेवला तर महिन्यात टाळं लागेल!"

काकूंची कानशिलं तापली. मांडीवर पाकीट होतं. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, की बाबा रे, या हसण्यासाठी आम्ही काय काय गिळलंय ते तुला काय ठाऊक. बाप मेलेला कळला नाही या माणसाला, या हसण्यापायी.

तेवढ्यात मामा आले. कोट झाडून घातलेला, दोन्ही हात पुढे बांधलेले. काकूंकडे त्यांनी जरासं बघितलं; दे आता. काकूंनी पाकीट पुढे केलं. मामांनी ते न बघताच घेतलं, त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून हसले, किंचित वाकले आणि तीस वर्षं म्हणत आले होते ते वाक्य म्हणाले.

"आपली सेवा करायला मिळाली, हेच माझं भाग्य, मॅडम. पुन्हा नक्की या."

काकूंनी त्या हसण्यात काही वेगळं शोधलं. आपल्यापुरतं, घरचं, एखादी सुरकुती तरी. काही नव्हतं. शेठच्या बायकोला मासा सोडवून देताना होतं तेच आणि तेवढंच होतं.

"मी पुन्हा नाही यायची," काकू म्हणाल्या. "अहो, मला बरं नाही. मला गिळता येत नाही. घरी चला माझ्याबरोबर."

'अहो' शब्द टेबलावर पडला आणि शेठचा चमचा वाटीत. मोठ्या बाईंनी काकूंकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे... हे तुमचे...?" शेठ म्हणाले.

मामा तसेच उभे होते. कानांवर पडलेलं आत पोचलं होतं. काकूंना त्यांच्या हातातलं पाकीट चुरगळताना दिसलं. पण तोंडावरचं हसू जागचं हललं नाही. जणू त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

आणि गाणं सुरू झालं. शेवटच्या दिवशी सगळे वेटर नॅपकिन फिरवत रांगेने दालनाला वळसा घालतात आणि पाहुणे टाळ्या वाजवतात. रांगेच्या पुढे हेड वेटर. वेटर रांग लावून मामांची वाट बघत होते.

"आलोच," मामा म्हणाले, आणि गेले.

काकूंनी त्यांना नॅपकिन फिरवताना बघितलं. ताल चुकला नाही, हसू ढळलं नाही. मोठ्या बाई उठून काकूंच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. शेठ खाली मान घालून बसले आणि मग, करायचं काय हे न सुचून, टाळ्या वाजवू लागले. रांग संपेपर्यंत टेबलाटेबलांवर बातमी गेली होती, की त्या कोपऱ्यातल्या बाई म्हणजे मामांची बायको. पुढचं कुणाला ऐकू गेलं नव्हतं. पाहुणे दाराशी आले ते कौतुकाने. काकूंना कुणीतरी हाताला धरून मामांशेजारी उभं केलं, आणि माणसं एकेक करून पुढे येऊ लागली. "छुपे रुस्तम आहात हो!" "जोडा शोभून दिसतो!" प्रत्येकाने पाकीट दिलं. शेठने तर दोन्ही हातांनी दिलं आणि मान वर न करता गेले. लग्नात अशीच दोघं शेजारी शेजारी उभी राहिली होती, माणसं अशीच समोरून सरकली होती, आणि दोन दिवसांनी मामा बोटीवर गेले होते. "पुन्हा नक्की या," मामा प्रत्येकाला म्हणत होते. दुसऱ्या हाताने त्यांनी काकूंचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतत होती.

मोठ्या बाई शेवटी गेल्या. त्यांनी पाकीट दिलं नाही. मामांच्या डोक्यावरून हात फिरवला, पोराच्या फिरवावा तसा, आणि काठी टेकत निघून गेल्या.

दारं लागली. वेटर दुसऱ्या पंगतीसाठी टेबलांवरची कापडं बदलू लागले. मामा अजून हसत होते.

"पुरे आता," काकू हळूच म्हणाल्या. "कुणी नाही."

तेव्हा तो चेहरा ढासळला. मामा जवळच्या खुर्चीत बसले, आपल्याच टेबलाच्या, जिथे हेड वेटर कधी बसत नाही, आणि हुंदके द्यायला लागले. आवाज दाबायचा असतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं. कापडं अंथरणारे वेटर जागच्या जागी थबकले आणि मग भराभर दुसरीकडे बघू लागले.

"काय झालंय तुला? कधीपासून? मी रोज ताट बघत होतो गं... मला वाटलं, आवडत नाही..." मामांनी मान वर केली. "डॉक्टर काय म्हणाले?"

काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. सबंध आठवडा त्यांनी या घटकेचं चित्र मनात रंगवलं होतं, आणि त्या चित्रात मामा त्यांचा हात धरून म्हणत होते, 'मी आहे ना.' पण हा माणूस तर हातपाय गळून बसला होता. त्यात त्याचा काय दोष? दुःख कसं घ्यायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. धडा यायचा त्या त्या वेळी घरच्यांनीच त्याची शाळा चुकवली होती. आता एकदम हा एवढा मोठा धडा.

बाहेर दुसऱ्या पंगतीचा गलका वाढला होता. एक जुना वेटर चोरपावलांनी जवळ आला.

"मामा... दारं उघडायची वेळ झाली. साहेब बघतायत."

मामा उठायला गेले आणि पुन्हा बसले. नाक लाल, डोळे सुजलेले, ओठ थरथरतायत. काकूंनी त्या तोंडाकडे बघितलं. या तोंडाने हा दोन टेबलंसुद्धा फिरू शकणार नाही. आज तरी फिरायला नको का? त्यांनी एवढाच विचार केला, आजचा. आणि त्यांच्या तोंडून वाक्य आपोआप बाहेर पडलं, वर्षानुवर्षं फोनवर पडत आलं होतं तसं.

"अहो, काही नाही हो. जखम आहे घशात, जुन्या पित्ताने झालेली. औषधं सुरू आहेत, बरी होईल म्हणालेत डॉक्टर. तिकडे सगळं ठीक आहे."

"मग घरी चला का म्हणालीस?"

"एकटीला कंटाळा येतो म्हणून. त्या शेठचा राग आला म्हणून. आलं तोंडात, बोलून गेले."

मामांनी भिजल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. "गळ्याशप्पथ?"

काकूंनी दोन बोटांच्या चिमटीत आपला गळा धरला. "गळ्याशप्पथ."

मामांनी एवढा मोठा श्वास सोडला की खांदे खाली आले. हसले, रडले, पुन्हा हसले. "काळजाचं पाणी केलंस गं माझ्या," म्हणाले. स्वच्छ नॅपकिनने तोंड पुसलं, बो सरळ केला. "आणि जेवली नाहीस तू. थांब." त्यांनी काकूंना स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या छोट्या टेबलावर बसवलं, आत जाऊन स्वतः सूप घेऊन आले, चमचा त्यांच्या हातात दिला. "करार संपला की येतोच. अजून एक वगैरे काही नको आता. हा संपला की घरी. चालेल?"

"चालेल," काकू म्हणाल्या.

दारं उघडली. मामा दाराशी जाऊन उभे राहिले आणि आत येणाऱ्या माणसांना वाकून जागा दाखवू लागले. आत्ताचं हसू खरं होतं. दुरूनही कळत होतं.

सूप कोमट होतं, गाळलेलं होतं, त्यांना जाईल असंच होतं. तरी एकेक घोट कातरत खाली जात होता. मामा दाराशी बोलता बोलता मान वळवून त्यांच्याकडे बघत, आणि ते बघत तेव्हा काकू चमचा तोंडाशी नेत. एकदा डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी सूप गरम असल्यासारखं फुंकर घालून निभावून नेलं. वाडगा पूर्ण रिकामा व्हायला बराच वेळ लागला. झाल्यावर त्यांनी तो टेबलाच्या कडेला सरकवून थोडा कलता ठेवला, मामांना तिथून दिसेल असा.